मुलींना मोठं करण्याची घाई : कुठे सोडायचं, कुठे अडवायचं

चौथीतल्या मुलीला वाढदिवसाला फेस सीरम हवं आहे, द्यावं का? शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्या गटाला आयटम साँग आलं आहे. बाईंशी बोलावं, की एका दिवसाचा प्रश्न म्हणून सोडून द्यावं? सहावीतली मुलगी इन्स्टाग्रामसाठी हटून बसली आहे, कारण ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’. आणि याच वयात पाळी आली की घरातलीच मोठी माणसं सुरू होतात : आता तू लहान नाहीस, मुलांबरोबर सायकल पुरे, नीट बसत जा.

पालकसभेत, बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि उत्तरं दोनच मिळतात : ‘काळ बदललाय, करू दे तिला’ किंवा ‘सगळं बंद करून टाका’. पहिल्या उत्तरात मुलगी बाजाराच्या हवाली होते. दुसऱ्यात शिक्षा तिलाच होते आणि तिला घाई करणारे कंपनीवाले, क्लासवाले, ॲपवाले, नातेवाईक नामानिराळे राहतात.

घाई दोन्हीकडून होते. बाजार आणि पडदा तिला मोठी दिसायला सांगतात. घर आणि गाव तिला मोठी वागायला सांगतात. म्हणून बंधनं घालायचीच, तर ती आधी मोठ्यांच्या व्यवहारावर घाला. ती कशी घालायची आणि त्याला कायद्याचा आधार कितपत आहे, ते पुढे एकेक करून दिलं आहे.

हौस कोणती, दबाव कोणता?

आईची ओढणी साडीसारखी गुंडाळून, लिपस्टिक गालापर्यंत फासून आरशासमोर नाचणारी पाच वर्षांची मुलगी खेळते आहे. तिला हटकण्याचं काही कारण नाही. तीच मुलगी दहाव्या वर्षी फोटोसाठी पोट आत घेऊ लागली, ‘माझे दंड जाड दिसतात का’ असं विचारू लागली, की कान टवकारा.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटानं २००७ साली मुलींच्या लैंगिकीकरणावर अहवाल दिला. त्यात एका प्रयोगाची नोंद आहे. कॉलेजच्या मुलींना एकेकटीला खोलीत पाठवून काहींना स्विमसूट, काहींना स्वेटर घालून बघायला सांगितलं आणि तशाच अवस्थेत गणितं सोडवायला दिली. खोलीत बघणारं कुणी नव्हतं, तरीही स्विमसूट घातलेल्या मुलींची गणितं जास्त चुकली. आपण कशा दिसतो याचा हिशेब डोक्यात चालू राहिला, की बाकीच्या हिशेबांना जागा कमी पडते. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तो कुणी सुरू करून दिला, हे बघायचं असतं.

एखाद्या मागणीवर ‘हो’ की ‘नाही’ ठरवताना चार गोष्टी तपासा :

- हे तिला सुचलं, की तिच्यासाठी दुसऱ्या कुणी ठरवलं?
- बघणारं कोण आहे? घरची माणसं, मैत्रिणी, की अनोळखी लोक?
- हे घालून किंवा करून तिला पळता येतं का, खाली बसता येतं का, मनसोक्त खाता येतं का?
- तिनं ‘नको’ म्हटलं तर कुणाचं नुकसान होतं? पैसा, लाइक्स किंवा प्रतिष्ठा मोठ्यांची पणाला लागली असेल, तर थांबा.

नवरात्रातली चनिया-चोळी आणि काजळ या चाळणीतून सहज निघून जातात. दोन इंची टाचांचे सँडल तिसऱ्या प्रश्नाला अडकतात.

कपडे आणि प्रसाधनं : लेबल वाचा

मुलींच्या विभागात ‘८-९ वर्षं’ असा टॅग असलेला क्रॉप टॉप हातात घेऊन आतून चाचपून बघा. काहींना आत पॅड शिवलेलं असतं. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘प्रायमार्क’ या साखळी दुकानांनी सात वर्षांच्या मुलींसाठी पॅड असलेली बिकिनी विकायला ठेवली होती. ओरड झाल्यावर मागे घेतली. ओरड ग्राहकांनीच करावी लागते. दुकानात व्यवस्थापकाला शांतपणे विचारा, ‘हे आठ वर्षांच्या मुलीला कशासाठी?’ आणि वस्तू परत ठेवा. मुलीसमोर ‘शी, कसले हे कपडे’ म्हणू नका. ती ते स्वतःच्या आवडीवर घेते.

सीरमचं प्रकरण यापेक्षा गंभीर आहे, कारण तिथे त्वचेला इजा होते. मोठ्यांच्या सुरकुत्यांसाठी बनलेली क्रीमं नऊ-दहा वर्षांच्या मुली रील्स बघून वापरू लागल्या, तेव्हा स्वीडनमधल्या ‘अपोटेक यार्टाट’ या औषध दुकानांच्या साखळीनं २०२४ साली पंधरा वर्षांखालच्यांना अशी काही उत्पादनं पालकांच्या संमतीशिवाय विकणं थांबवलं. आपल्याकडे अशी अट नाही. त्यामुळे बाटली उलटी करून घटक वाचण्याचं काम तुम्हालाच करावं लागेल.

- घरी आणू नका : रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, लॅक्टिक ॲसिड असलेली सीरमं आणि ‘पीलिंग’ म्हणून विकली जाणारी द्रावणं. कोवळ्या त्वचेला आग, लाली, उन्हाचा त्रास होतो.
- मुरमं आली असतील तर : सॅलिसिलिक ॲसिड किंवा तत्सम औषध त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानंच लावा.
- मेडिकलमधून ‘गोरेपणाची’ ट्यूब कधीच नको : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं दिसली तर ते स्टेरॉइड आहे. काही दिवस चेहरा उजळ वाटतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि ट्यूब बंद केली की त्रास दुप्पट होतो.
- पुरेसं काय : सौम्य साबण किंवा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, उन्हात खेळायला जाताना सनस्क्रीन.

सीरमचा हट्ट मोडताना ‘तुझं वय आहे का हे’ म्हणू नका. त्यानं ती वय वाढवायच्याच मागे लागते. बाटलीवरची नावं तिच्यासोबत वाचा, कोणतं द्रव्य काय करतं ते सांगा. दहा वर्षांच्या मुलीला रसायनशास्त्र समजतं.

ओठावरची लव हा तिढा अनेक घरांत येतो. वर्गातली मुलं चिडवतात, म्हणून मुलगी पार्लरला जायचं म्हणते. आधी चिडवणं थांबवा. वर्गशिक्षिकेला त्याची कल्पना द्या. त्यानंतरही ती स्वतःहून मागत असेल तर तो तिचा निर्णय असू द्या, पण काकूनं किंवा आत्यानं सुचवलं म्हणून नको. लव अचानक, फार वाढली असेल तर पार्लरऐवजी डॉक्टर गाठा.

रंगाचंही असंच. एका प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली आपल्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. लग्नाघरात मात्र ‘आईवर नाही गेली रंगानं’ हे वाक्य अजून चालू आहे. ते कानावर आलं की तिथेच, मुलीच्या देखत, ‘हे आमच्या घरात बोलायचं नाही’ असं सांगा. घरी आल्यावर समजूत घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

गॅदरिंग, रिॲलिटी शो आणि ऑडिशन

लहान मुलांकडून मोठ्यांच्या सिनेमातली नृत्यं करून घेण्याबद्दल केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं १८ जून २०१९ रोजी खासगी वाहिन्यांना सूचनापत्र काढलं : डान्स रिॲलिटी शोंमध्ये मुलांना अश्लील, सूचक किंवा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या पद्धतीनं दाखवू नये. हे पत्र वाहिन्यांसाठी असलं, तरी शाळेशी बोलताना त्याचा दाखला उपयोगी पडतो.

शाळेशी बोलताना वेळ साधा. तालमी सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर गेलात, तर ड्रेस भाड्यानं ठरलेला असतो आणि तुमची मुलगी गटातून बाहेर पडते. गाणं कळल्याच्या आठवड्यातच आणखी दोन-तीन पालकांना घेऊन जा, लेखी विनंती द्या आणि सोबत दोन पर्यायी गाणी सुचवा. बाईंना कार्यक्रम बसवायचा असतो. आयता पर्याय मिळाला तर बहुधा अडत नाही.

टीव्ही, जाहिरात, वेब मालिका यांत काम करणाऱ्या चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी बालकामगार कायद्याच्या नियमांत २०१७ साली स्पष्ट अटी आल्या. अनेक पालकांना त्या ठाऊक नसतात :

- दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच.
- सलग सत्तावीस दिवसांहून जास्त काम नाही आणि शिक्षण बुडणार नाही याची जबाबदारी निर्मात्याची.
- चित्रीकरणासाठी निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची.
- जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती.
- कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव.
- मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही.

ऑडिशनला बोलावून आधी पोर्टफोलिओसाठी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. खरं काम देणारा पैसे देतो, घेत नाही. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : मुलीचे फोटो आणि चित्रफीत कुठे व किती काळ वापरणार, कपडे कोण ठरवणार आणि कपडे बदलायच्या जागी पालकांना प्रवेश आहे का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर परत फिरा.

मोबाइल : जन्मतारखेपासून सुरुवात करा

इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं उघडायला वयाची तेरा वर्षं पूर्ण लागतात. ‘२००५’ असं जन्मसाल टाकून सहावीतली मुलगी आत शिरते आणि बऱ्याचदा ते आई-वडिलांनीच टाकून दिलेलं असतं. खरा धोका इथूनच सुरू होतो. त्या दिवसापासून ॲपच्या लेखी ती प्रौढ बाई आहे. तिला दिसणाऱ्या जाहिराती, सुचवली जाणारी खाती आणि मेसेज करणारे लोक त्याच हिशेबानं येतात.

२०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी ‘टीन अकाउंट’ लागू आहे. खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद असतात आणि सोळा वर्षांखालच्या मुलीला यातली सैल सेटिंग्ज निवडायला पालकांची परवानगी लागते. जन्मसाल खोटं असेल, तर यातलं काहीच आपोआप मिळण्याची खात्री नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, फेसबुकची, अंतर्गत कागदपत्रं उघड केली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं असं सांगितलं होतं. म्हणजे कंपनीला हे माहीत होतं. तुम्हीही गृहीत धरा आणि वयानुसार ठरवा :

- तेरापर्यंत : स्वतःचं खातं नाही. व्हिडिओ बघायचे तर टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, बैठकीच्या खोलीत. नाचाचा व्हिडिओ आजोबांना पाठवायचा आहे? कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवा.
- तेरा ते सोळा : खरी जन्मतारीख, टीन अकाउंट, पालकांचं खातं त्याला जोडलेलं. मेसेज वाचू नका. कोण फॉलो करतं याची यादी महिन्यातून एकदा दोघींनी मिळून बघा.
- सोळानंतर : सेटिंग्ज तिच्या हाती, पण रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर. हा नियम तुम्हालाही लागू.

आई-बाबांनी चालवलेलं मुलीचं खातं हा वेगळा विषय आहे. इन्स्टाग्राम तेरा वर्षांखालच्या मुलांच्या नावे पालकांनी चालवलेल्या खात्याला मुभा देतं. तसं बायोमध्ये लिहावं लागतं. २०२४ साली ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं आयांनी चालवलेली अशी सुमारे पाच हजार खाती तपासली. अनेक खात्यांच्या अनुयायांत प्रौढ पुरुषांचा मोठा भरणा होता आणि त्यांतले काही मुलींबद्दल उघड लैंगिक भाषेत बोलत होते. तुमच्या मुलीचं असं खातं असेल तर आजच अनुयायांची यादी उघडा आणि जिम्नॅस्टिक्स, पोहणं, कपडे बदलणं असे व्हिडिओ काढून टाका. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, क्लासची वेळ दिसेल असं काही ठेवू नका. उरलेलं ठेवायचं का, ते मुलीला विचारा आणि ‘नको’ म्हणाली तर वाद घालू नका.

शरीर आधी मोठं झालं तर

मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा आठव्या ते तेराव्या वर्षांदरम्यान कधीही दिसू शकतात. आठ पूर्ण होण्याआधी छाती वाढू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज पडल्यास ते हार्मोनतज्ज्ञाकडे पाठवतील. ‘हल्ली लवकरच येतं’ म्हणून थांबू नका. उपचाराविना हाडांची वाढ लवकर पूर्ण होऊन उंची खुंटू शकते.

लवकर वयात आलेल्या मुलीवर सगळ्यात जास्त अन्याय होतो तो मोठ्यांच्या अंदाजामुळे. पाचवीतली मुलगी आठवीतली दिसते आणि शेजारी, शिक्षक, बसमधली माणसं तिच्याशी आठवीतल्या मुलीसारखंच वागतात. तिचं मन मात्र दहा वर्षांचंच असतं. घरात तरी तिला तिच्या वयाची राहू द्या :

- पाळीची माहिती आठव्या-नवव्या वर्षीच द्या. दप्तरात पॅड आणि जादा चड्डी असलेली छोटी पिशवी ठेवा आणि ती का आहे ते सांगा.
- पाळी आल्यावर सायकल, कबड्डी, पोहणं बंद करू नका. वाढत्या वयाला नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या. बहुतेक मुली खेळ सोडण्याचं खरं कारण सांगत नाहीत.
- आजी ओढणीचा आग्रह धरत असेल तर मुलीला मध्ये पाडू नका. आजीशी तुम्ही बोला.
- बाबांनी अचानक अंतर राखू नये. कालपर्यंत गळ्यात पडणाऱ्या मुलीला ते कोडंच पडतं.

घरातली ‘छोटी आई’

माध्यमांवर सगळे बोलतात, स्वयंपाकघराबद्दल कुणी बोलत नाही. युनिसेफनं २०१६ साली मांडलेल्या हिशेबानुसार जगभरात ५ ते १४ वयोगटातल्या मुली त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घरकामात घालवतात. काम शिकवण्यात वावगं काही नाही. पण भाऊ क्रिकेटला आणि बहीण भाकरीला, अशी वाटणी असेल तर ती आजच मोडा. ताट उचलणं, कपड्यांच्या घड्या, पाणी भरणं हे दोघांनाही. धाकट्याला सांभाळण्याची रोजची जबाबदारी, आजाऱ्याची शुश्रूषा, घरातल्या भांडणात आईची मैत्रीण होणं ही दहा वर्षांच्या मुलीची कामं नव्हेत.

घाईचं टोक म्हणजे बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण शंभरात चाळिसांहून अधिक होतं. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या आई-बापांना वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती वाटते, आणि तोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडप्याच्या ‘कोयत्या’ला; म्हणून लग्न उरकलं जातं. अशा घराला उपदेशाचा काही उपयोग नाही. ओळखीत असं स्थळ ठरत असेल, तर तिच्या वसतिगृहाची, हंगामापुरत्या राहण्याची सोय होते का ते शाळेत आणि अंगणवाडीताईंकडे विचारा.

कायदा असा आहे : मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक आणि शहरात बाल विकास प्रकल्प अधिकारी हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. दंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं शून्य ठरतं. लग्न झालेलंच असेल, तर मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकते.

हद्द ओलांडली गेली तर

- जाहिरात खटकली : ग्राहक हेल्पलाइन १९१५. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड निर्माण करणाऱ्या जाहिरातींना २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडेही तक्रार करता येते.
- टीव्ही कार्यक्रम खटकला : ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिलकडे वाहिनीचं नाव, तारीख, वेळ लिहून तक्रार करा.
- शाळेत छेडछाड : मुख्याध्यापक आणि शाळेतली सखी सावित्री समिती. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.
- मुलीचा खासगी फोटो पसरला : आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठरा वर्षांखालच्यांचे असे फोटो हटवायला मदत करते. त्यासाठी फोटो कुणाला पाठवावा लागत नाही.
- लैंगिक अत्याचार किंवा छळ : पोक्सो कायदा, २०१२. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाविना घ्यायचा असतो. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, पत्ता माध्यमांनी छापणं गुन्हा आहे. ज्याला घटना कळली त्यानं ती कळवणं बंधनकारक आहे. शाळाही ‘आपसात मिटवू’ म्हणू शकत नाही.

यातलं काहीही घडलं, तरी मुलीला ‘तू फोटो काढलासच कशाला’ हा प्रश्न विचारू नका. तो ऐकला की ती पुढचं सांगत नाही आणि तक्रारीला लागणारी माहिती तिच्यापाशीच अडकते.

या आठवड्यात दोन कामं करा. तिच्या प्रत्येक खात्यातली जन्मतारीख तपासून दुरुस्त करा आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक तिला पाठ करून द्या. ती हेल्पलाइन चोवीस तास, विनामूल्य चालते आणि तिथे फोन लावायला मुलीला कुणाची परवानगी लागत नाही; पालकांचीही नाही.